मिश्रीचा डाग

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ती, खरं सांगायचं तर, लोकांच्या खोड्या काढायला. कुणी "पाठीमागून हाक आली" असं लिहिलं की खाली माझी कमेंट ठरलेली — तारीख? अंतर? साक्षीदार कोण? काहींनी मला ब्लॉक केलंय आणि बरोबरच केलंय. भूतखेत, संकेत, दृष्टांत यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण आज माझी पाळी आहे. तारीख सोडून बाकी सगळं देते. मला झोडपायचं असेल तर खुशाल झोडपा.

मी भिंगारला राहते. मी आणि आई, दोघीच. वडील लष्कराच्या एका ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई रिटायर्ड शिक्षिका. मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत. आम्ही ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना असते, पण नजर, करणी असल्या गोष्टींना आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. सांगायचा मुद्दा हा, की असल्या गोष्टींची मला घरातून सवय नाही.

आता माझा विषय. त्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं सोसा. मी नोकरी सांभाळून पीएचडी करतेय — रेडिओ खगोलशास्त्रात. गल्लीत "रूथ मॅडमची रेडिओवर पीएचडी चाललीय" एवढंच पोचलं, आणि आजवर तीन जण घरी बंद ट्रान्झिस्टर घेऊन आलेत. एकाचा मी दुरुस्तही करून दिला. सेलच उलटे घातले होते.

तर... प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यावर एक महाकाय कृष्णविवर असतं. बहुतेक काळ ते गप्प असतं. कधीतरी त्याच्यात वायू पडू लागतो आणि त्याच्या दोन बाजूंनी झोत सुटतात, ते रेडिओ दुर्बिणीला दिसतात. काहींचे झोत पसरत पसरत दीर्घिकेच्या कितीतरी बाहेर जातात. काहींचे इतके आखूड, की दीर्घिकेच्या पोटातच मावतात. मी या आखूडवाल्यांवर काम करते, त्यातही आपल्या शेजारच्या. शेजारच्या म्हणजे प्रकाशाला तिथून इथे यायला साठ-सत्तर कोटी वर्षं लागतात... असो. झोत आखूड म्हणजे ते नुकतेच सुटलेत, म्हणजे वय कमी, असा साधारण हिशेब. काही शे वर्षं, काही हजार वर्षं. आमच्या धंद्यात हे तान्हं बाळच.

अशा एका दीर्घिकेवर माझा सगळा प्रबंध उभा होता. तिचं खरं नाव म्हणजे नुसते आकडे. पुण्याचे माझे गाईड — सर — एकदा गमतीत "तुमचं बाळ काय म्हणतंय?" म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्या फायलींना 'बाळ' हेच नाव पडलं. जुन्नरच्या बाजूला ज्या मोठ्या तबकड्या आहेत त्यांनी घेतलेली तिची निरीक्षणं मी महिनोन्महिने चाळत होते. आणि माझ्या मसुद्यातलं मुख्य वाक्य होतं — हे कृष्णविवर पहिल्यांदाच जागं झालं आहे. जवळच्या विश्वात असं खात्रीने म्हणता येईल अशी उदाहरणं फार थोडी. बाकी प्रकरणं म्हणजे इतरांनी केलेल्या कामाची नीटनेटकी मांडणी. हे एकच माझं स्वतःचं.

मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती. महिनाअखेरीला प्रबंध गेला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, आठ वर्षं पाण्यात. सरांना सोमवारी शेवटचा मसुदा हवा होता. त्याआधीच्या शनिवारी आईने मला काष्टीला पिटाळलं.

काष्टी आईचं माहेर. मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याला खारोड्या आणि नवा गॉगल पोचवायचा होता. मी कुरकुरले, पण गेले. मसुदा फोल्डरमध्ये घेतला आणि दौंडकडच्या एसटीत लाल पेन काढून बसले. पावणेदोन तास. त्या दिवशी तिथला बाजार, त्यामुळे अर्धी गाडी पिशव्या आणि दोन कोंबड्या.

दुपारचा एक वाजला असेल. मामाच्या ओट्यावर मी बसलेले, मामा बाजेवर, एका डोळ्यावर हिरवा कपडा. (साक्षीदार कोण, तर हा. एका डोळ्याचा. हसा.) माझ्या मांडीवर 'बाळा'चा नकाशा — एका कागदाच्या मधोमध तळहाताएवढी काळी चौकट, तिच्यात राखाडी खरखर आणि मध्यावर एक पांढरा ठिपका. चौकटीच्या बाहेर चारी बाजूंना कोरा कागद. हे नीट लक्षात ठेवा.

तेवढ्यात शेजारची हौसाआजी काठी टेकत आली. नव्वदीच्या आसपासची असेल, नक्की वय तिलाही माहीत नाही. एके काळची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलंय असं मामा सांगतो. एका हातात मिश्रीची डबी, बोट दातावर. ओट्यावर टेकली, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम कागद ओढून घेतला.

"फोटू काढून आनलास व्हय? कितवा म्हैना?"

मामा खाकरला. "आजी, तसला फोटू न्हाई त्यो. मास्तरीन हाय ती, आभाळातलं शिकवती. लगीन कुटं झालंय तिचं!"

"तू गप रं. तुला एका डोळ्यानं काय दिसतंय."

माझ्या लक्षात आलं की तिला ती सोनोग्राफी वाटलीय. आणि खरं सांगते, वाटण्यासारखीच आहे. काळ्यात राखाडी खरखर, मध्ये एक गोळा. मी मास्तरीण असल्यामुळे मला समजावून सांगितल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "आजी, हे आकाशातलं आहे. खूप लांबचं. हे जे मधे पांढरं दिसतंय ना, ते नुकतंच जन्मलेलं..." आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "बाळ आहे." चूक माझीच.

तिने कागद लांब धरला, जवळ धरला. मग शांतपणे म्हणाली,

"लेकरू ल्हान हाय. लई ल्हान. पर ही काय पहिलटकरीन न्हाई."

"म्हणजे?"

"ह्याच्या आदी एक हुतं. गेलेलं." आणि तिने मिश्रीचं बोट कागदावर टेकवलं. चौकटीच्या बाहेर. वर, उजव्या हाताला, कोऱ्या कागदावर. "हितं. हितं हाय बग ते."

बोट उचललं तर तिथे चांगला काळपट डाग. मला आधी राग आला तो डागाचा. ती प्रत सरांना द्यायची होती. तोवर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता रडू नगं, मंगल. हे ऱ्हातंय."

मंगल माझ्या आईचं नाव. मामा म्हणाला, "आजी, मंगल न्हाई ही. मंगलची लेक, रूथ."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "तोंड त्येच की." आणि कांद्याच्या भावावर घसरली.

एवढंच झालं. तेव्हा मला भीती वाटली नाही, अंगावर काटा वगैरे आला नाही. चिडचिड झाली.

परतीच्या गाडीत रुमाल ओला करून डाग पुसायला गेले तर तो कडेने थोडा फराटला, म्हणून सोडून दिला. आणि कुठलीशी दुसरी गाडी आडवी येऊन आमची एसटी अर्धा तास उभी राहिली तेव्हा, करायला काहीच नाही म्हणून, मी माझंच वाक्य पुन्हा वाचलं. "पहिल्यांदाच जागं झालं आहे." आणि डोक्यात ते एक वाक्य आपलं टोचतंय — ही पहिलटकरीन न्हाई.

कारण असं असतं. काही कृष्णविवरं पूर्वी एकदा पेटलेली असतात. ते जुने झोत पसरतात, पुरवठा बंद झाला की विझतात, आणि मग कितीतरी काळाने मध्यावर नवं काहीतरी सुरू होतं. नवं ठळक दिसतं. जुन्याचा नुसता फिकट ढग उरतो, दोन्ही बाजूंना, लांबवर. तो शोधल्याशिवाय "पहिल्यांदाच" म्हणता येत नाही. मी शोधला होता का? मसुद्यात तसं लिहिलं होतं. पण असे पसरट ढग दिसतात ते एकमेकींच्या जवळ असलेल्या तबकड्यांच्या जोड्यांना, आणि त्या जोड्यांचा डेटा गोंगाटाने इतका भरलेला होता, की वैतागून मी तो सगळाच्या सगळा टाकून दिला होता. मला ठिपकाच तर बघायचा होता! म्हणजे ज्यातून ढग दिसला असता तेच फेकून देऊन, ढग नाही असं मी छातीठोकपणे लिहून बसले होते. हे मनाच्या कोपऱ्यात मला माहीत नव्हतं असं नाही.

सोमवारी सरांना मसुदा पाठवला नाही. फोन करून दहा दिवस मागितले. सर म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर लक्षात आहे ना? काय सापडलं काय असं?" मी म्हटलं, "शंका आली." नव्वद वर्षांच्या सुईणीचं नाव कसं सांगणार?

ते दहा दिवस वाईट गेले. गोंगाटाचा डेटा हाताने साफ करायचा म्हणजे धान्यातले खडे निवडण्यासारखं. लेक्चर संपलं की लॅब. काही निघालं नाही तर मुदत हुकणार, काही निघालं तर माझं मुख्य वाक्य मरणार. सुटका कुठेच नव्हती. आईने दोनदा विचारलं, "काय झालंय?" मी दोन्ही वेळा खेकसले.

नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मोठ्या भागाचा नकाशा तयार झाला. मध्यावर आपला ठिपका. आणि लांब, वर उजवीकडे, फिकट ढग. त्याच्या बरोबर उलट दिशेला, खाली डावीकडे, आणखी फिकट दुसरा. दोन्ही बाजूंना, एका रेषेत. खोटे डाग असे जोडीने पडत नाहीत. आधीचं एक होतं. गेलेलं.

मी जागेवर बसून रडले. माझं 'पहिल्यांदाच' गेलं म्हणून. ते डागाचं तोवर माझ्या डोक्यातही नव्हतं.

ते आलं प्रिंट काढताना. जुना कागद फोल्डरमध्येच होता. नवा नकाशा मी जुन्याच स्केलवर, तशाच कागदावर छापला आणि दोन्ही कागद लॅबच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. बाहेर लख्ख ऊन. ठिपक्यावर ठिपका बसवला, कडा जुळवल्या. मिश्रीचा डाग ढगाच्या मध्यावर होता.

साधारण कुठेतरी तिकडे, असं नाही. मध्यावर.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर आई मेथी निवडत बसली होती आणि मी तिला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. दहा दिवस खेकसल्याची भरपाई म्हणा. ओटा, मामाचा हिरवा डोळा, "कितवा म्हैना" — आई हसत होती. मग मी हौसाआजीची नक्कल करत म्हटलं, "ही काय पहिलटकरीन न्हाई. ह्याच्या आदी एक हुतं." आईचा हात थांबला.

"आणखी काय म्हणाली?"

"मला मंगल म्हणाली. म्हणे, रडू नगं, हे ऱ्हातंय."

आईने हात पदराला पुसले. मेथीची जुडी तशीच मांडीवर. मग म्हणाली, "तुझ्या आधी एक झाली होती."

मला एकेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजाप्रमाणे आई काष्टीला गेली होती. हौसाआजीनेच सोडवलं. मुलगी. दीड दिवस होती. नाव ठेवायचंच राहिलं, बाप्तिस्मा तर लांबच. मामा तेव्हा शाळेत जाणारा, त्यालाही घरच्यांनी धड सांगितलं नव्हतं. पुढे माझ्या वेळी आईने हट्टाने नगरलाच दवाखान्यात नाव घातलं, पण सहाव्या महिन्यात एकदा काष्टीला गेली तेव्हा हौसाआजीने पोटावर हात ठेवून सांगितलं होतं — आता रडू नको मंगल, हे ऱ्हातंय.

"मी सांगणार होते तुला," आई म्हणाली. "आधी तू लहान होतीस. मग तू हुशार झालीस. मग राहूनच गेलं."

मी तिचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. थोड्या वेळाने मी विचारलं, तिला ठेवलं कुठे? आईने माझ्या फोल्डरमधला कागद ओढला, मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे घर धर." आणि बोट वर, उजवीकडे नेलं. "मळ्याच्या कडेला. बोरीखाली. हौसाबाईनेच नेलं होतं, मला बाजेवरून उठू दिलं नाही." बोट डागावर थांबलं. (डाग तिला दिसत होता. त्यामुळे हा पुरावा धरता येत नाही. मी दुसऱ्याचा धरला नसता.)

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी काष्टीला गेलो. बोर आता नाही, तिथे कांद्याची चाळ आहे. आई चाळीपाशी उभी राहिली, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि मामीने हाक मारेपर्यंत तिथेच थांबली. मी मोबाईलवर दिशा बघितली, सवय. घरापासून ईशान्य. आता गंमत अशी, की आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे काढतात, म्हणजे माझा ढग खऱ्या आकाशात वायव्येला आहे. दिशा जुळत नाहीत. जुळतो तो फक्त कागद.

हौसाआजीला विचारलं. आजी, त्या दिवशी तुम्ही बोट कुठे ठेवलं होतं, का ठेवलं होतं? तिला काही आठवत नव्हतं. "मिश्री लागली व्हय गं कागदाला?" ती म्हणाली. "साबन लाव, निगंल."

तर हे असं आहे. मी स्वतःलाच कमेंट टाकून बघितल्या. म्हातारीने मला आई समजलं, जुनं बोलणं तिच्या तोंडून निघालं — मान्य. कागदावर तिने घर आणि बोरीची जागा दाखवली असेल — हेही मान्य. त्या शब्दाने मला माझी लपवलेली चूक आठवली — शंभर टक्के मान्य. प्रत्येक पायरीला उत्तर आहे. पण ते बोट, कोऱ्या कागदावर, जो ढग तोवर पृथ्वीवर कुणीही बघितलेला नव्हता त्याच्या मध्यावर का पडलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. योगायोग म्हणा. मीही वर्गात तसंच म्हणते. फक्त हल्ली म्हणताना एक क्षण थांबते.

प्रबंध गेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. 'पहिल्यांदाच'च्या जागी 'पुन्हा' आलं. सर म्हणाले, हे जास्त चांगलं आहे. डेटा पुन्हा का साफ केला, त्या ठिकाणी मी "खात्रीसाठी" असं लिहिलंय. माझ्या प्रबंधातलं खोटं म्हणावं असं तेवढं एकच.

प्रबंध दिल्यावर आईने तो नवा नकाशा मागून घेतला. चष्मा लावून बघितला.

"हे आधीचं किती जुनं?"

"काही कोटी वर्षं."

"आणि अजून दिसतंय?"

"दिसतं. फार फिकट. पण नीट बघितलं तर दिसतं."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही. आकडे आहेत नुसते."

आईने कागदाची घडी केली आणि बायबलमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्यावर मी पहिलं काम केलं ते फाईलचं नाव बदलायचं. मधल्या ठिपक्याची फाईल अजून 'बाळ'च आहे. वरच्या ढगाची 'ताई'.